माझा साडू, त्याचे चष्मे आणि माझी कंपनी

माझा साडू चष्मे विकतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण अर्धं शहर त्याला गाड्यांचा जाणकार समजतं आणि सव्वीस वर्षं गाड्यांच्या पोटात हात घालणाऱ्या मला "तुम्ही त्यांचे साडू ना?" असं विचारतं. मला याचा राग येतो. राग कसला, जळतो मी. बायकोसमोर त्याचा विषय काढला की ती नाक वर करून म्हणते, "काहीतरी करपतंय का हो?" आणि स्वतःच हसत बसते.

तो तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बुटका, गोल चेहऱ्याचा, शर्टाच्या खिशात कायम ते काचा पुसायचं मऊ फडकं. आवाज कधी चढत नाही, आणि मला तर वाटतं तो मुद्दाम चढवत नाही. दुकान म्हणजे एक अरुंद बोळच. दोन्ही भिंतींवर फ्रेमा, शेवटी एक आरसा आणि एक उंच खुर्ची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की हा त्याच्या नाकावर लोखंडी चौकट चढवतो आणि एकेक काच सरकवत विचारतो, "हे बरं की ते बरं?" दहा वेळा विचारेल, वीस वेळा विचारेल. कंटाळा म्हणून नाही.

सतरा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले आणि चुलत्यानं त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायला बसवलं. अकरा वर्षं तो तिथं होता. काच घासताना मान वर करता येत नाही, म्हणून रस्त्यावरून जाणारी गाडी तो आवाजावरून ओळखायला शिकला. कुठल्या कंपनीची, किती जुनी, कुणाचा पट्टा सैल झालाय, कोण दुसऱ्या गिअरमध्ये उगाच ताणतोय. हे त्यानं मला त्याच्याच लग्नात, हातात ताट घेऊन, लाजत लाजत सांगितलं होतं. त्या दिवशी मला तो आवडला होता. कबूल करतो. तेव्हा तो लांबच्या गावी राहत होता.

आता माझं ऐका. मी चोवीस वर्षांचा असताना आमच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो, आज हेड मेकॅनिक आहे. आमची कंपनी म्हणजे आमची. माझ्या तिन्ही गाड्या तिच्याच. समोरच्या फुटपाथवर दुसऱ्या कंपनीचं शोरूम आहे, त्यांच्या उद्घाटनाला सगळा रस्ता सरबत प्यायला गेला, मी नाही गेलो. मधे एकदा आमच्या एका मॉडेलचा गिअर फार जड निघाला. मी सगळ्यांना सांगायचो, "हात बसला की मऊ होतो." चार ओळखीच्यांचा हात शेवटपर्यंत बसला नाही, पण मी कंपनीविरुद्ध एक शब्द काढला नाही. याला निष्ठा म्हणतात.

आणि हा? चोवीस वर्षांत सात गाड्या, सात कंपन्यांच्या! एकदा मी न राहवून म्हणालो, "तुम्हाला काही वाटत नाही का हो?" तर म्हणतो, "दादा, नंबर बदलला की काच बदलतोच ना आपण? पोरं लहान होती तेव्हा वेगळी गाडी लागायची, आता वेगळी लागते." वर हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात?

आमची रविवार सकाळची एक बैठक असते. पेट्रोल पंपाच्या मागच्या मोकळ्या जागेत सात-आठ गाडीवेडे जमतात, बॉनेट उघडी टाकून तास-दोन तास बडबडतात. एकाला मायलेजशिवाय काही दिसत नाही. एक जण दार लावल्याच्या आवाजावरून कंपनीची इज्जत ठरवतो. एकानं आयुष्यात गाडी घेतली नाही, पण किमती सगळ्या तोंडपाठ. या बैठकीत शेवटचा शब्द माझा असायचा. "कुठली घेऊ?" असं कुणी विचारलं की सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी म्हणायचो, "आमची." विषय संपला.

सहा वर्षांपूर्वी साडूनं या शहरात दुकान हलवलं, आणि मीच, मीच त्याला हौसेनं बैठकीला घेऊन गेलो. पहिल्या रविवारी तो नुसता ऐकत बसला. दुसऱ्या रविवारी शाळेतल्या एका कारकुनानं विचारलं, कुठली घेऊ. मी नेहमीचं उत्तर दिलं. तर हा हळूच म्हणतो, "मागच्या सीटवर कोण बसतं तुमच्याकडे?" कारकून म्हणाला, आई, आणि तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. "मग दादांची कंपनी नको. मागं गुडघे टेकतात." आणि माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं, "दादा, तुम्ही कधी मागं बसून पाहिलंय का?"

सगळे हसले. मी म्हणालो, "मी मेकॅनिक आहे, पाहुणा नाही." मला वाटलं चांगलं बोललो. कुणीच हसलं नाही.

कारकुनानं समोरच्या शोरूममधून गाडी घेतली आणि पुढच्या रविवारी आईला घेऊन आला, नुसतं दाखवायला, की बघा, आई कशी पाय पसरून बसलीय. म्हातारीनं साडूच्या डोक्यावरून हात फिरवला. मी टायरमधली हवा बघत उभा होतो. तेव्हापासून सगळे त्यालाच विचारतात आणि तो त्यांना उलट वीस प्रश्न विचारतो. कुठं लावणार, कोण चालवणार, पाठ दुखते का, कुत्रा आहे का. हे बरं की ते बरं? माणूस गाडीबद्दल विचारायला येतो आणि स्वतःबद्दल बोलून जातो. त्यांना ते आवडतं. मला ते सुचलं असतं तर! पण नाही सुचलं.

दोन वर्षांपूर्वी मला जवळचं धूसर दिसायला लागलं. बायकोनं ओढत त्याच्या दुकानात नेलं. त्यानं मला त्या उंच खुर्चीत बसवलं, अर्धा तास घालवला, हलकी, सुंदर फ्रेम काढली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. तो चष्मा तेव्हापासून डबीत आहे आणि डबी कपाटात. त्याच्या काचेतून जग बघायचं? आपल्याला नाही जमणार. बोल्ट काय, मी अंगठ्यानं चाचपून सांगतो.

आमच्या वर्कशॉपची एक पद्धत आहे. बोल्ट ज्यानं आवळला त्यानं त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. पुढं काही सैल निघालं तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळावं म्हणून. पांढरा, पिवळा, निळा असे रंग आधीच वाटले गेले होते. मग मी बायकोचं डाळिंबी नेलपॉलिश उचलून आणलं. कुणीतरी तिला भेट दिलेलं, भडक म्हणून तिनं कधी लावलंच नव्हतं. वर्कशॉपमध्ये आठवडाभर माझी टर उडवली. पण आज वर्कशॉपमध्येच काय, रविवारच्या बैठकीतही डाळिंबी म्हणजे मी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गिऱ्हाइकांना तेवढं ठाऊक नाही. ते काचेच्या पलीकडे कोचावर बसतात, आम्ही आत असतो. त्यांनी आमचं तोंड पाहिलेलं नसतं आणि आम्ही त्यांचं.

आता माझी मुलगी. ती फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन लोकांचे खांदे-गुडघे हलते करते. घडीचं टेबल खांद्याला अडकवून बसमधून फिरते. गेल्या महिन्यात तिला शहराच्या पार दुसऱ्या टोकाचे सहा रुग्ण मिळाले, एक तारखेपासून. बसनं ते जमणारं नव्हतं. गाडी घ्यायची, जुनी, पण स्वतःच्या पैशानं, असं तिनं ठरवलं. मी त्याच दिवशी आमच्या नव्या मॉडेलचं चकचकीत पुस्तक आणून टेबलावर ठेवलं. दोन दिवसांनी ते रद्दीत सापडलं.

गुरुवारी जेवताना ती म्हणाली, "बाबा, काकांनी माझ्यासाठी एक गाडी शोधलीय. रविवारी बघायला जातोय. तुम्हीही या."

तुम्हीही या! मी घास परत ताटात ठेवला. मी म्हणालो, "मला नाही विचारलंस?"

"तुम्हाला काय विचारायचं? तुमचं उत्तर मला पहिलीपासून पाठ आहे," ती म्हणाली आणि वरण वाढून घेतलं.

रात्रभर माझा डोळा लागला नाही. माझी पोरगी. तिला सायकल मी शिकवली, पंक्चर काढायला मी शिकवलं, आणि गाडी घ्यायची वेळ आली तर चष्मेवाला!

रविवारी गेलो. एका निवृत्त ग्रंथपाल बाईंची गाडी होती. दारात उभी, पांढरी, नऊ वर्षांची, आणि आमच्या कंपनीची. तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असेल. छे! अंगाचा तिळपापड झाला. माझीच कंपनी, आणि मला ती दाखवणार हा? त्यानं मागची सीट पाडली, मुलीचं घडीचं टेबल आत सरकवलं, वर चार बोटं जागा उरली. त्यानं आधीच टेप लावून मोजलेलं होतं. टेबलाची लांबी माझ्या ध्यानीमनीही नव्हती. मग त्यानं इंजिन सुरू करायला लावलं आणि डोळे मिटून, मान खाली घालून ऐकत उभा राहिला. मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत होती. डॉक्टरकडे बघतात ना, तसं. मला ते बघवेना.

मी बॉनेट उघडलं आणि आत वाकलो. चष्मा घरी कपाटात. जुनी गाडी बघताना आम्ही आधी बघतो ते फेंडरचे, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याचे बोल्ट. त्यांना पाना लागलेला असेल तर कोपऱ्यांवरचा रंग उडतो. रंग उडालेला म्हणजे पत्रा उतरवलेला, आणि पत्रा उगाच कुणी उतरवत नाही. डाव्या बाजूचे दोन्ही बोल्ट मी अंगठ्यानं चाचपले. कोपरे बोडके! माझ्या काळजात काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू.

"ठोकलेली गाडी आहे," मी मोठ्यानं म्हणालो.

बाई गांगरल्या. "अहो, नाही हो! कुठंच नाही लागली. सर्व्हिसचं पुस्तक काढू का? सगळं कंपनीतच केलंय."

"पुस्तकात काय, काहीही लिहितात," मी म्हणालो. सव्वीस वर्षं त्याच कंपनीत काढलेला माणूस हे बोलला.

साडू पुढं आला. आत वाकून त्यानं ते दोन बोल्ट पाहिले. खिशातलं फडकं काढलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, आणि फडकं परत खिशात ठेवलं. "दादा म्हणतायत तर थांबू या," एवढंच म्हणाला.

परत येताना मी गाडीत शीळ घालत होतो. हो, घालत होतो. मुलगी खिडकीबाहेर बघत होती आणि मला तिचा चेहरा दिसत नव्हता, किंवा मी बघत नव्हतो. घरी आल्यावर ती जेवली नाही. सोमवारी सकाळी तिनं त्या सहा रुग्णांना कळवायचा मजकूर फोनवर लिहून ठेवला, की जमणार नाही. पाठवला नव्हता अजून. बायकोनं पाहिला आणि मला सांगितला. वर म्हणाली, "झालं समाधान?"

मंगळवारी वर्कशॉपमध्ये त्याच मॉडेलची एक गाडी आली. डावा दिवा गेलेला. त्या मॉडेलची ही खोड आहे, डाव्या दिव्यापर्यंत हात पोचत नाही. फेंडरचे दोन बोल्ट सैल करायचे, पत्रा बोटभर सरकवायचा, बल्ब बदलायचा, बोल्ट आवळायचे. हजार वेळा केलंय मी. लोक या खोडीला नावं ठेवायचे तेव्हा त्यांच्याशी भांडलोय. बल्ब बदलला, बोल्ट आवळले, नेलपॉलिशची बाटली उघडली, आणि माझा हात तिथंच थांबला. त्या बाईंच्या गाडीचे बोल्टही डावीकडचेच होते.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत कपाटातला चष्मा घेऊन मी त्या बाईंकडे गेलो. त्यांनी दार उघडलं आणि काही न विचारता गाडीची किल्ली पुढं केली. मी बॉनेट उघडलं, चष्मा लावला, बोल्टवरची धूळ बोटानं पुसली. दोन्हींवर ठिपका होता. डाळिंबी. मग मी एकेक बघत गेलो. बॅटरीवर डाळिंबी. दिव्याच्या चौकटीवर डाळिंबी. खाली जिथं म्हणून हात पोचला तिथं माझाच ठिपका. नऊ वर्षं ही गाडी माझ्याच हाताखालून जात होती, आणि मीच तिला चारचौघांत ठोकलेली म्हणालो होतो.

"मी गाडी दुसऱ्या कुणाला दाखवली नाही," बाई मागून म्हणाल्या. "तुमचे साडू सांगून गेले होते. म्हणाले, ते परत येतील. चष्मा लावून येतील."

माझ्या कानशिलात कुणी मारली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मुलगी रुग्णांकडून आली, टेबल भिंतीला टेकवून ठेवलं, खांदा चोळत बसली. त्या खांद्यावर पट्ट्याचा वळ असतो, मी रोज बघतो. मी म्हणालो, "ती गाडी ठोकलेली नाही. ते बोल्ट मीच उघडले होते. दिव्यासाठी."

"मग तसं का म्हणालात?"

"चष्मा नव्हता."

"एवढंच?"

बायको स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला. मला उठून जावंसं वाटलं.

"त्यानं शोधली होती म्हणून," मी म्हणालो. "मला त्याचा हेवा वाटतो. सगळे त्याला विचारतात, ठीक आहे, विचारू देत. पण तूसुद्धा त्यालाच विचारलंस. मला त्यात खोट काढायची होती आणि ती सापडली. आनंद झाला मला. तुझं काय होईल हे डोक्यातच आलं नाही."

ती मग म्हणाली, "हेवा वाटतो ते माहितीय मला. आईला माहितीय. काकांनाही माहितीय." खांद्यावरचा हात तिनं काढला. "सोमवारी संध्याकाळी मी काकांना फोन केला. रडले. तेव्हा त्यांनी सांगितलं की ही त्यांनी पाहिलेली नववी गाडी. आठ नको म्हणाले. हिचं बॉनेट उघडून बॅटरी पुसली आणि ठिपके दिसले. मला म्हणाले, तुझ्यासाठी हीच. हिच्या प्रत्येक बोल्टवर तुझ्या बाबांची सही आहे."

"मग तू मला का नाही बोललीस?"

"ते म्हणाले, थोडं थांब. बाबा स्वतः सांगतील, त्यांना सांगू दे."

आता सांगा, असल्या माणसाचं काय करायचं? भांडला असता, चारचौघांत फडकं फिरवून मला खोटं पाडलं असतं, तर मी जन्मभर सुखानं त्याच्या नावानं बोटं मोडली असती. तीही सोय ठेवली नाही.

पुढच्या रविवारी गाडी घरी आली. रुग्णांना तो मजकूर गेलाच नाही. पहिली फेरी मारायची म्हणून मुलगी स्टिअरिंगवर बसली. मी सवयीनं पुढच्या दाराला हात घातला, तर ती म्हणाली, "बाबा, पुढं काका." साडू नको नको म्हणत होता. मीच म्हणालो, "बसा, बसा." आणि मागं जाऊन बसलो.

सव्वीस वर्षांत आमच्या कंपनीच्या गाडीत मी पहिल्यांदा मागं बसलो. माझे दोन्ही गुडघे साडूच्या सीटच्या पाठीला टेकले. टेकले म्हणजे रुतले. मी जरा तिरका झालो, मग दुसऱ्या बाजूला तिरका झालो. काही फरक पडेना.

"कसं वाटतंय बाबा मागं?" मुलीनं आरशातून विचारलं.

"ऐसपैस आहे," मी म्हणालो.

साडूनं मागं वळूनही पाहिलं नाही. सीटखाली हात घालून त्यानं दांडा ओढला आणि आपली सीट दोन खाचा पुढं घेतली.